चुलीपाशी, परसांत

"नका घेऊ त्याला," वरुणराव म्हणाला आणि फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

पलीकडे कोच गप्प झाले. कोलकात्याला दोन सीझन तो त्यांच्या हाताखाली फुटबॉल खेळला होता. ते गप्प झाले की पुढचे प्रश्न आखूड येतात, हे त्याला ठाऊक होतं.

"क्रॉस कसे आहेत पोराचे?" त्यांनी हिंदीत विचारलं.

"चांगले आहेत."

"पळतो?"

"पळतो."

"मग?"

गच्चीच्या कठड्यावर वरुणरावचे बूट पालथे ठेवलेले होते. एप्रिलपासून ते कोणी घातले नव्हते, तरी तळाच्या खिळ्यांमध्ये माती होती. तो अंगठ्याच्या नखानं ती उकरू लागला. केरळातली तांबडी माती, वाळून दगड झालेली.

"तो तुमचा राहणार नाही," तो म्हणाला. "आतलं बाहेर नेतो."

"खात्री आहे?"

"माझं नेलं, सर."

"बस. तुझ्या शब्दावरच अडलं होतं. दुपारी बाराला यादी पाठवायची आहे. बरं झालं विचारलं."

फोन बंद झाला. वरुणरावनं बुटातली माती कठड्याखाली फुंकून टाकली. जिना उतरताना उजवा गुडघा दुखला नाही. तीन महिन्यांत पहिल्यांदाच.

*

उंबरा: जवळचा खांब.

चेन्नईत तो एकोणीस वर्षांचा असताना पहिल्यांदा पगारावर खेळला, मग गोवा, तिथं तो मासे खायला आणि कोंकणीत शिव्या द्यायला शिकला, मग कोलकाता, तिथं त्याच्या नावाची घोषणा एका सीझनपुरती होती आणि पुढच्या सीझनला त्याच चालीत दुसऱ्याचं नाव बसवलं गेलं, मग शिलाँग, थंडी, मग ऐझॉल, पुन्हा थंडी, पण माणसं ऊबदार, मग माले, जिथं मैदानाच्या बाहेर गेलेला चेंडू समुद्रात पडेल असं वाटायचं, ढाका, बेंगळुरू, पुन्हा गोवा पण दुसरा क्लब, मग मुंबई.

मुंबईला जाताना तो खूश होता. तिथं मराठी बोलतात, आणि तंजावूरच्या त्याच्या घरातही पिढ्यानपिढ्या मराठीच चालत आली होती. पहिल्याच दिवशी ड्रेसिंग रूममध्ये त्यानं विचारलं, "माझा टॉवेल कोणी घेटला की?" साताऱ्याचा एक पोरगा हसून हसून बाकावरून घसरला. "आरं, हे बखरीतून आलंय का काय?" त्यानंतर वर्षभर त्याला सगळे बखर म्हणत. "बखर, पास दे!" वरुणराव पास देत असे आणि हिंदीत बोलत असे.

अकरावा क्लब केरळातला. तिथं मात्र तो एकटा गेला नाही. तंजावूरजवळच्या तिरुवैयारुचा भरद्वाज, व्हायोलिन शिकवणाऱ्या रघुराम सरांचा मुलगा, चोवीस वर्षांचा, डावीकडून वाऱ्यासारखा पळणारा, त्याला वरुणरावनं स्वतः नेलं. ट्रायलच्या वेळी मॅनेजरच्या टेबलावर हात ठेवून तो म्हणाला होता, "याला घेत असाल तर मी सही करतो."

आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा मैदानावर त्याच्याशी घरातली भाषा बोलणारं कोणी आलं.

*

माडी: उंच चेंडू, डोक्यासाठी.

हाका वरुणरावच्याच डोक्यातून निघाल्या. दीपावलीच्या सुट्टीत त्यानं आपल्या घराच्या जमिनीवर खडूनं मैदान काढलं आणि मैदानात घर बसवलं. गोलच्या जवळचा खांब तो उंबरा. लांबचा खांब ते परसू. पेनल्टीचा ठिपका ती चूल. बचाव करणाऱ्यांच्या पाठीमागे मोकळी जागा पडली की ती विहीर. भरद्वाज चेंडू घेऊन पळताना ओरडणार, "परसांत!" आणि वरुणराव मागे न बघता लांबच्या खांबाकडे धावणार.

"अण्णा, कोणास कळलं तर?" भरद्वाजनं विचारलं होतं.

"कोणास कळेल? आपल्या वीथीतल्या पोरांस कळत नाही अवघं. आपली भाषा म्हणजे कुलूपच डा."

तो हे अभिमानानं म्हणाला होता.

त्या सीझनला वरुणरावनं चौदा गोल केले. पस्तिसाव्या वर्षी. त्यातले अकरा भरद्वाजच्या हाकेवर. मल्याळी पेपरात फोटो आला, दोघांचा, एकमेकांच्या गळ्यात हात.

*

विहीर: त्यांच्या पाठीमागची मोकळी जागा.

प्ले-ऑफ. जिंकलं तर वरच्या लीगमध्ये. जिंकलं तर आणखी दोन वर्षांचा करार, मग असिस्टंट कोच, हे तोंडी ठरलेलं.

सतरावं मिनिट. "परसांत!" वरुणराव वळला. समोरच्या संघाचा सेंटर-बॅक, मधला बचाव करणारा, तिथं आधीच उभा.

एकतिसावं. "चुलीपाशी!" उभा.

चव्वेचाळीस. उभा. या वेळी तो वरुणरावच्या आधी निघाला होता. हाकेवर निघाला होता.

साठाव्या मिनिटाला भरद्वाज चेंडू घेऊन पळाला आणि तमिळमध्ये ओरडला. वरुणराव जागच्या जागी थबकला. चेंडू त्याच्या पुढून गेला.

"घरातलं बोल डा!"

भरद्वाजनं जोरात मान हलवली. पुढच्या वेळी पुन्हा तमिळ. त्या मैदानावर निम्म्या लोकांना तमिळ कळत होती. वरुणरावला वाटलं, पोरगं घाबरलं. मग वाटलं, घाबरलं नाही. मग काय, तो विचार मैदानावर असताना त्याला पुरता मनात येऊ द्यायचा नव्हता.

दोन-शून्य.

हात मिळवताना तो सेंटर-बॅक हसला. वाईट नव्हतं हसणं, जिंकलेल्या माणसाचं होतं. "चुलीपाशी, चेट्टा," तो म्हणाला; चेट्टा म्हणजे दादा. वरुणरावचा हात त्याच्या हातात तसाच राहिला.

बसमध्ये त्यानं भरद्वाजच्या शेजारची बॅग उचलून खाली टाकली आणि तिथं बसला.

"कोणास सांगिटलास?"

"कोणासही नाही, अण्णा."

"ठाऊक असणारे दोघेच होतों. मी सांगिटलों नाही."

भरद्वाज फोनमध्ये काहीतरी शोधत होता. एकदम त्याचं बोट थांबलं. काही क्षण तो पडद्याकडे बघत राहिला. मग त्यानं फोन पालथा करून मांडीवर ठेवला.

"काय आहे त्यांत? दाखव."

"काही नाही."

"दाखव म्हणतों."

"नको, अण्णा."

सात तासांच्या प्रवासात ते पुन्हा बोलले नाहीत. मे महिन्यात क्लबनं दोघांनाही सोडलं. वरुणरावसाठी त्यानंतर कोणाचा फोन आला नाही. आज सकाळी आला तो भरद्वाजची चौकशी करायला.

*

चूल: पेनल्टीचा ठिपका.

त्याची बायको विनुता शाळेत गणित शिकवायची आणि रविवारी सकाळी मेलवीथीतल्या भजनमठाच्या पुढच्या खोलीत मुलांना मराठी. "मुलं तुम्हांस बघायचं म्हणतात," ती दोन महिने सांगत होती. "अर्धा तास या. हसून दाखवा. तेवढंच." आज वरुणरावला हलकं वाटत होतं. त्यानं चेंडू काखेत मारला आणि गेला.

खोलीतल्या फळ्यावर तिनं मराठी वाक्यं तमिळ अक्षरांत लिहिली होती. देवनागरी मुलांना येत नव्हती, त्यालाही अडखळतच यायची. दाराशी चपलांचा ढीग. आतून आरडाओरडा.

"चुलीपाशी!" विनुताचा आवाज.

अकरा-बारा मुलं धडपडत खोलीच्या मध्यभागी येऊन एकमेकांवर आदळली.

"परसांत!"

सगळी कोपऱ्याकडे. एक लहानगा उलट दिशेला पळाला आणि बाकीचे त्याला हसले.

वरुणराव उंबऱ्यावर उभा होता. जमिनीवर खडूनं गोल काढला होता, दोन खांब, मधे ठिपका. ठिपक्यावर तीन दगडांची चूल रेखाटलेली. लांबच्या खांबाशी केळीचं झाड.

"मामा आले!" दोन वेण्यांची एक मुलगी ओरडली. साईप्रिया, समोरच्या घरातली. "मामा, खेळा की. नाही आलं तर आऊट."

"हे काय खेळतां?"

"फुटबॉल-घर. तुमचंच की. तुम्हांस ठाऊक नाही?" तिनं बाकीच्यांकडे बघून डोळे फिरवले. "मिस व्हिडिओ पण केल्या. त्यांत माझी पाठ दिसते."

"कसला व्हिडिओ?"

विनुता पदराला लागलेला खडू झटकत पुढे आली. तिचा चेहरा लाल झाला होता, खेळून.

"अत्तां विचारतां? दीपावलीस तुम्ही दोघं जमिनीवर रेघा काढून बसला होतांत, मी शेजारी भाजी चिरत होतें. म्हटलं, एवढं सोपं शिकवायचं साधन कुठं मिळेल? पोरं पुस्तक म्हटलं की पळतात, हे म्हटलं की धावत येतात." ती हसली. "बासष्ट हजार जणांनी पाहिला. आपली भाषा, बासष्ट हजार! मी तुम्हांस पाठवलेला की. अंगठा पाठवलांत तुम्ही."

  साईप्रिया वरुणरावच्या काखेतून चेंडू ओढत होती. त्यानं चेंडू सोडून दिला आणि बाहेर चपलांच्या ढिगाशी जाऊन फोन काढला.

*

नऊ जानेवारी.
विनुता: तुमचं ते फुटबॉलचं घर पोरांस शिकवूं की? चालेल की?
वरुणराव: (अंगठा)

सोळा जानेवारी.
विनुता: व्हिडिओ केला. बघून सांगा कसा झाला.
वरुणराव: (अंगठा)

दोन फेब्रुवारी.
विनुता: अकरा हजार!!
वरुणराव: (अंगठा)

तीन मार्च.
विनुता: केरळातून कोणी विचारतो, हे खरंच मैदानावर म्हणतात की? मी लिहिलें, होय, माझा नवरा म्हणतो.
वरुणराव: (अंगठा) प्रॅक्टिसला चाललों.

दरम्यानही पुष्कळ होतं. सासूच्या डोळ्याचं ऑपरेशन, गॅस, एका लग्नाचं निमंत्रण. सगळ्यांखाली अंगठे. वेगवेगळ्या शहरांतून त्यानं तिला असे अंगठे पाठवले होते.

त्यानं व्हिडिओ उघडला. पहिल्यांदाच. भिंतीला टेकून पूर्ण पाहिला, चौदा मिनिटांचा. त्यात विनुता इतकी छान बोलत होती. हाका एकेक करून, खडूनं दाखवून, तमिळमध्ये अर्थ सांगून. शेवटी ती कॅमेऱ्याकडे बघून म्हणत होती की, ज्यांच्या घरात ही भाषा आहे त्यांनी ती लपवून ठेवू नये.

बस त्याच्या डोळ्यांपुढे आली. पालथा ठेवलेला फोन. "नको, अण्णा."

विनुता दाराशी येऊन उभी राहिली. "काय झालं? आवडला नाही?"

तिच्या केसांतसुद्धा खडू होता.  एक वाक्य बोललं असतं तर तीन महिन्यांचं सगळं तिच्या पदरात पडलं असतं आणि तो मोकळा झाला असता.

"फार चांगला केलास," तो म्हणाला. "मोपेडची किल्ली दे. तिरुवैयारुला जाऊन येतों."

"अत्तां? आणि जेवण?"

बाराला दहा मिनिटं कमी होती, असं त्याला वाटत होतं. फोनवर बारा वाजून वीस मिनिटं झालेली.

*

परसू: लांबचा खांब.

तंजावूरहून तिरुवैयारुला जाताना पाच पूल लागतात. दुसऱ्या पुलावर त्यानं मोपेड कडेला घेतली आणि कोचना फोन लावला. खाली नदीला नुकतंच पाणी सोडलेलं, गढूळ, फेस आणि काटक्या वाहून नेणारं.

"सर, सकाळी मी चुकीचं बोललो."

"कशाबद्दल?"

"भरद्वाजबद्दल. त्यानं काही नेलं नाही कुठं."

"सकाळी तुझी खात्री होती."

"होती."

मागून एक गावची बस हॉर्न वाजवत गेली. पूल हलला.

"यादी गेली, बखर," ते म्हणाले. हे नाव त्यांच्यापर्यंत कसं पोचलं, कोण जाणे. "मिझोरमचा एक घेतला. चांगला आहे. आणि ऐक, त्या पोराचा फोन आला होता आत्ताच. तुझं नाव खराब कशाला करू? म्हटलं, वरुणरावनं तुझं फार कौतुक केलं, पण जागा भरली होती. ठीक?"

वरुणराव कठड्याला धरून उभा होता.

"ठीक ना?"

"ठीक," तो म्हणाला.

उरलेले तीन पूल त्यानं सावकाश ओलांडले. परत फिरता आलं असतं. प्रत्येक पुलाच्या टोकाला वळायला जागा होती.

*

रघुराम सर ओसरीवर दोन मुलींना व्हायोलिन शिकवत होते. एकच ओळ, पुन्हा पुन्हा. त्यांनी हातातल्या गजानंच घराच्या मागच्या बाजूला खूण केली. मागे भरद्वाज सायकलची ट्यूब बादलीतल्या पाण्यात बुडवून बसला होता, पंक्चर शोधत. वरुणरावला बघून तो अर्धवट उठला, हातातून पाणी गळत.

"अण्णा! या की. अम्मा, वरुण अण्णा आलेत, काफी!"

तीन महिन्यांत त्यांची ही पहिली भेट. वरुणराव पायरीवर बसला.

"तो व्हिडिओ," तो म्हणाला. "बसमध्ये पाहिलास, नाही?"

भरद्वाजचे हात पाण्यात थांबले. "वैनींस बोललांत काही?"

"नाही."

"नका बोलूं. किती खूश होत्या त्या त्यांत."

"मज काय म्हणून सांगिटलास नाही? मी तुज काय काय म्हटलों. वीथीत सगळ्यांस सांगत फिरलों."

"काय सांगूं, अण्णा? तुमच्या घरांतली गोष्ट." त्यानं ट्यूबचा पुढचा भाग बुडवला. "वाटलं, कधीतरी तुम्ही बघाल. साठाव्या मिनिटास कळलं मज, ते माझ्या हाकेवर निघतात. म्हणून तमिळ बोललों. तुम्ही ऐकलांत नाही."

"नाही ऐकलों."

आतून व्हायोलिनची ओळ आली, चुकली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

"कुंभकोणमला एका शाळेत पी.टी.ची जागा आहे," भरद्वाज म्हणाला. "उद्या जातों. आता कोणी बोलावणार नाही, कळलं मज. वाईट नाही वाटत." त्यानं ट्यूबवरून हात फिरवला. "खरं सांगूं? सकाळपर्यंत वाटत होतं. कोचनी नाही म्हटलं तेव्हां पण वाटलं. मग ते म्हणाले, तुम्ही माझ्यासाठी बोललांत. एवढं सगळं मनांत असून बोललांत. त्यानंतर नाही वाटलं."

वरुणरावनं चपलेचा अंगठा जमिनीत रोवला. पायाशी सांडलेल्या पाण्यात एक मुंगळा वाट शोधत होता.

"भरद्वाज—"

"काय म्हणालांत हो त्यांस?" भरद्वाजनं वर पाहिलं नाही. "ते म्हणाले तसं नाही, तुमच्या शब्दांत. ऐकावंसं वाटतं. नक्की काय म्हणालांत?"

त्याची आई कॉफीचे दोन पेले घेऊन दारात आली होती. तिनं ऐकलं आणि ती तिथंच थांबली, पेले हातात धरून.

वरुणरावनं एक पेला घेतला. फार गरम होता. तो त्यानं दोन्ही हातांत धरून ठेवला.

"म्हटलों," तो म्हणाला. "म्हटलों, हा डावीकडून चेंडू टाकतो तेव्हां वर बघत नाही. त्यास बघावं लागत नाही. मी कुठं असणार ते त्याच्या पायास ठाऊक असतं."

"हं."

"म्हटलों, हरत असलों तरी नव्वदाव्या मिनिटास पहिल्या मिनिटासारखा पळतो. असे मी फार पाहिले नाहीत."

आई दाराच्या चौकटीला टेकली.

"म्हटलों, अकरा क्लबांत खेळलों. मोठमोठे विंगर मिळाले. पण हाक आली की मागे न बघता पळालों, ते याच्याच हाकेवर. दुसऱ्या कोणाच्या हाकेवर माझी तेवढी छाती झाली नाही."

हे सगळं खरं होतं. बोलताना त्याचा आवाज कुठंही अडखळला नाही. त्याचीच त्याला भीती वाटली.

व्हायोलिन थांबलं होतं. भरद्वाजनं ट्यूब पाण्यातून एकदा अख्खी फिरवली. कुठूनही बुडबुडा आला नाही. त्यानं ती पुन्हा पहिल्यापासून फिरवायला घेतली.

"आणखी?" त्यानं विचारलं.